हवेतला चौकोन

रात्रीचा दीड. खडकी बाजार झोपलेला.
टीव्हीचा आवाज दोनवर, सून उठू नये म्हणून.
तिकडे कुठल्यातरी परक्या देशात
रेफ्रीनं कानावर बोट ठेवलंय
आणि ऐंशी हजार माणसं गप्प.

सेल्वम विचारतो, "काय ऐकतोय रे तो?"
मी म्हणतो, खोलीतली माणसं.
लांब कुठंतरी, एका बंद खोलीत
तीन-चार जण पडद्यांना डोळे लावून बसलेत,
तेच सांगतात, थांब जरा, बघतोय.
सगळ्यात नाही हां नाक खुपसत.
गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड,
आणि एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी गेलं असेल तर.
तेही चूक ढळढळीत दिसली तरच.
बाकी ज्याचं त्यानं निस्तरायचं.

"मग शेवटी ठरवतं कोण?"
तोच. शिट्टी ज्याच्या तोंडात तो.

सेल्वम हसत नाही.
बशीतला चहा फुंकतो,
आणि माझ्या पोटात फक्कीचा डबा सांडतो.

एक्क्याण्णव साल. फॅक्टरी लीगची फायनल.
मैदान म्हणजे नुसता मुरूम, गवत औषधालाही नाही.
सकाळी फक्की मीच मारली होती,
दोरी न लावता, नजरेच्या भरवशावर,
त्यामुळे रेषा दापोडीकडं जरा झुकलेली.
त्याच रेषेवर मी. हातात निशाण:
बायकोच्या जुन्या पिवळ्या परकराचा तुकडा, काठीला.
शेवटची तीन मिनिटं. सेल्वम उजवीकडून सुटला.
चेंडू दोन खांबांमधून थेट पलीकडच्या गटारात.
आणि माझा हात वर.
मी केला, असं नाही म्हणत.
गेला.

तेव्हापासून तो माझ्या समोरच्या चाळीत.
माझ्या पोराच्या लग्नात त्यानं पंगत वाढली,
त्याच्या अण्णाच्या मयताला मी खांदा दिला,
त्या दुपारबद्दल अवाक्षर नाही.

मागच्या दिवाळीत गुलाबभाईच्या मुलानं
स्टुडिओ मोकळा करताना एक कॅसेट आणून दिली.
नवा कॅमेरा आला होता म्हणे तेव्हा,
हात बसावा म्हणून फायनल घेतलेली.
आम्ही दोघं बघायला बसलो. खाकरलोही नाही.
सेल्वम पळतोय, केस केवढे, पाय केवढे,
पास सुटतो,
आणि गुलाबभाई, सगळा जन्म लग्नांत काढलेला माणूस,
सवयीनं कॅमेरा वळवतो पाहुण्यांकडं.
उसाच्या गाड्यावर चढलेली पोरं.
छत्रीखाली सुपरवायझर.
सेल्वमची आई, तोंडाला पदर.
पूर्ण आठ सेकंद.
कॅमेरा परत येतो तेव्हा निशाण वर असतं.

सेल्वम म्हणाला, मागं घे.
मला वाटलं, माझा हात बघायचाय.
तो आईपाशीच थांबवायला लावत राहिला.
चार वेळा.

आता पडद्यावर एक निळी रेष, एक लाल,
दोन्हींच्या मध्ये काखेएवढी जागा.
रेफ्री हवेत चौकोन काढतो. गोल रद्द.
तो पोरगा, विशीचाही नसेल, ओरडतसुद्धा नाही.
ओरडणार कुणावर? रेषेवर?
माझ्यावर अख्खी खडकी ओरडली होती.
चपला आल्या होत्या अंगावर,
त्यातली एक माझ्या मापाची, डाव्या पायाची.

सेल्वम उठतो. उंबऱ्याबाहेर अंधारात
पायानंच आपल्या चपला शोधतो.
"उजागरे, तेव्हा ते मशीन असतं ना..."
आणि पुढं बोलत नाही.
मीही विचारत नाही.

गल्लीतल्या दिव्याखाली जाऊन तो वळतो,
दोन्ही बोटांनी हवेत चौकोन काढतो,
वाकडाच, दापोडीकडं झुकलेला,
बराच वेळ त्यातून माझ्याकडं बघतो.
मग म्हणतो, "झोप आता.
सकाळी दूध मी आणतो."